चकवा विकणाऱ्यांनाही दंड हवा

वेगाचे ई-चलान मोबाइलवर आले की राग येतो तो कॅमेऱ्याचा, स्वतःच्या उजव्या पायाचा नव्हे. या रागावर जगभर एक बाजार पोसला जातो. नंबर प्लेटवर मारायचा स्प्रे, तिरके पाहिले की आकडे लपवणारे कव्हर, बटण दाबताच प्लेट पालटणारा फ्लिपर, रडार हेरून बीप करणारा डिटेक्टर.

यातला स्प्रे म्हणजे शुद्ध थाप. चकचकीत थरावरून फ्लॅशचा प्रकाश उसळेल आणि फोटोत प्लेट पांढरीफटक येईल, असा त्याचा दावा. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमाने २००७ मध्ये असे स्प्रे आणि कव्हर कॅमेऱ्यापुढे उभे केले. एकही टिकले नाही. तरी बाटल्या खपतातच, कारण फसलेले गिऱ्हाईक तक्रार घेऊन कोणत्या तोंडाने पोलिसांकडे जाणार?

डिटेक्टरचे तसे नाही. तो चालतो, पण समोर रडार असेल तर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून सुरू झालेली यंत्रणा सरासरी वेगही काढते. दोन ठिकाणी नंबर टिपायचा आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळाने भागायचे, एवढाच हिशेब. तिथे डिटेक्टर बीप करणार तरी कशावर? कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की पुन्हा सुसाट, ही जुनी हुशारीही या भागाकारात वाया जाते.

कायद्याचे चित्र देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेत खासगी मोटारीत डिटेक्टर बहुतेक राज्यांना चालतो, व्हर्जिनियाला चालत नाही. रडारच बंद पाडणाऱ्या जॅमरला मात्र देशभर बंदी आहे. ब्रिटनमध्ये लेझर जॅमर वापरणे न्यायप्रक्रियेत अडथळा ठरू शकते. उत्तर यॉर्कशायरमधल्या एका चालकाने जॅमरच्या भरवशावर कॅमेऱ्याच्या व्हॅनला बोट दाखवले आणि २०१८ मध्ये आठ महिन्यांची कैद ओढवून घेतली. आपल्याकडे मोटारीने वेगमर्यादा ओलांडली तर केंद्रीय कायद्यात दंड आहे एक ते दोन हजार रुपये. तो वाचवायला बनावट नंबर लावला, तर फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. यात फायदा कुठला?

कॅमेऱ्याला खरोखर नडते ती प्लेटशी केलेली छेडछाड, आणि तिला गॅजेटही लागत नाही. दुचाकीची मागची प्लेट वर दुमडतात, आकड्यावर चिकटपट्टी मारतात, आकड्यांतून ‘दादा’ वाचायला लावतात. सगळ्यात वाईट प्रकार दुसऱ्याचा नंबर लावण्याचा. चलान जाते भलत्याच्याच घरी, आणि आपली गाडी त्या दिवशी त्या गावात नव्हती हे सिद्ध करत बसतो तो निरपराध माणूस. अपघात करून पळालेल्या गाडीचा असा नंबर असेल, तर प्रकरण दोन हजारांवर थांबत नाही.

कॅमेऱ्यांच्या नावाने होणारी ओरड सगळीच खोटी नाही. २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक फलक हवा आणि चलानाची सूचना पंधरा दिवसांत मिळायला हवी. फलक झाडाआड आणि चलान महिन्यांनी, असे झाले तर चालकाने भांडावे, जरूर भांडावे. गुगल मॅप्सने कॅमेऱ्याची आगाऊ सूचना दिली तरी कोणाचे काही बिघडत नाही. फलकाचेच काम ते करते. भांडणाऱ्याचा नंबर मात्र स्वच्छ दिसला पाहिजे.

आपली कारवाई नेहमी रस्त्यावर सापडलेल्या चालकापाशी संपते. फ्लोरिडाने ऑक्टोबर २०२५ पासून प्लेट लपवणारी साधने बाळगणे गुन्हा ठरवले आणि ती बनवणाऱ्या-विकणाऱ्यांना त्याहून कडक शिक्षा ठेवली. महाराष्ट्रात परिवहन विभाग उच्च सुरक्षा प्लेटसाठी वाहनमालकांच्या मागे लागलेला असताना, तीच प्लेट झाकणारी कव्हर आणि फ्लिपर कोण विकतो, हेही त्याने दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात जाऊन पाहावे. सुरुवात फ्लिपरपासून करावी. नंबर चालत्या गाडीवरून पालटण्याचे प्रामाणिक कारण कोणत्याही विक्रेत्याला सांगता येणार नाही.