हुगोत, पत्ते आणि आपण

हॉस्टेलमध्ये पत्ते म्हटलं की रेक्टर मॅडमच्या कपाळावर आठ्या पडतात. पण मॅडम, मी ज्या पत्त्यांबद्दल लिहितेय त्यांत ना राजा-राणी, ना पैसे. त्यांत फक्त वाक्यं असतात. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!)

झालं असं, माझ्या रूम-पार्टनरची ताई फिलिपाइन्समध्ये मेडिकलला आहे. आपल्याकडची बरीच मुलं डॉक्टर व्हायला तिकडे जातात. सुट्टीत आली तेव्हा तिने तिथला एक पत्त्यांचा डबा आणला. खेळ अगदी सोपा. एका मोठ्या पत्त्यावर गाळलेली जागा असलेलं वाक्य. प्रत्येकीने हातातल्या पत्त्यांतून उत्तर टाकायचं, कोणी काय टाकलं ते न सांगता. जिचा डाव असेल ती सगळी उत्तरं मोठ्याने वाचते आणि सगळ्यात भारी उत्तराला पॉइंट देते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? 2011 साली आलेला अमेरिकन 'कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी' असाच तर आहे! खरंय, साचा तोच. फरक आहे विनोदात. अमेरिकन खेळात जे बोलू नये ते बोलून हसवायचं असतं. फिलिपिनो पत्त्यांत 'हुगोत' असतं. या टागालोग शब्दाचा अर्थ 'आतून उपसून काढणं'. साध्या बोलण्यातून एकदम मनातलं दुखणं बाहेर काढायचं, तेही हसत हसत. 2014 च्या 'दॅट थिंग कॉल्ड तदहाना' या तिकडच्या गाजलेल्या सिनेमाची सुरुवातच बघा. प्रेमभंग झालेली नायिका रोमच्या विमानतळावर जास्तीच्या सामानाशी झगडत असते. आता हे सामान म्हणजे नुसत्या बॅगा, असं कोण म्हणेल?

त्यातल्या बऱ्याच कोट्या ताईलाही समजावून सांगता येईनात. पण एक शब्द मात्र मला लगेच कळला. 'तायो' म्हणजे 'आपण', आणि उच्चार जरासा बदलला की 'उभं राहणं'. मग गच्च भरलेल्या बसमध्ये उभा असलेला एखादा म्हणू शकतो, निदान इथे तरी 'तायो' आहे! इंग्लिशमध्ये हे कसं सांगणार? तिथे 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींना एकच 'वी'. टागालोगमध्ये मात्र मराठीसारखे दोन वेगळे शब्द आहेत, 'तायो' आणि 'कामी'. 'आपण' वरून 'आम्ही' वर येणं म्हणजे काय, हे त्यांनाही कळतं आणि आपल्यालाही. बारा वर्षं इंग्लिशमध्ये शिकले, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता खरा मुद्दा. गेल्या वर्षी आम्ही अमेरिकन खेळाची नक्कल करून घरचे पत्ते बनवले होते. प्रत्येक पत्त्यावर विंगमधल्या कोणाची तरी खेचलेली. कोणाचा रंग, कोणाचं गाव, कोणाचं इंग्लिश. 'इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं, फक्त ______ सोडून' हा पत्ता माझा होता. आमच्यातली एक वायडी होती. सगळ्यांनी तिचंच नाव टाकलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. रात्री ती मेसला आली नाही. मला वाटलं डोकं दुखत असेल. इतकी कशी मी मठ्ठ!

यंदा ताई गेल्यावर आम्ही मराठी पत्ते बनवले. नियम एकच, दुखणं स्वतःचं हवं. आणि मराठी काय खजिना आहे हो! एकटं 'लागणं' घ्या. बस लागते, भूक लागते, निकाल लागतो, वाट लागते, मनाला लागतं. 'एम-थ्रीचा निकाल लागला. मला जरा जास्तच लागला.' झालं की हुगोत! शेवटी उखाणा तरी काय असतो? जे सरळ म्हणायची लाज वाटते, ते यमकात लपवून म्हणायचं.

त्या रात्री पत्ता निघाला, 'घरी फोनवर मी रोज सांगते, ______.' 'जेवले', 'अभ्यास चालू आहे', 'पैसे पुरतात' अशी उत्तरं आली. मग एक आलं, 'सगळे पेपर सुटले'. आधी हशा पिकला. मग कोणीच हसेना. तिने वायडीचं अजून घरी सांगितलंच नव्हतं. वर्षभर! मी गेल्या वर्षीच्या पत्त्याबद्दल तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "अगं, तेव्हा तुम्ही बोललात, आज मी बोलले. एवढाच फरक."

मला वाटतं, सगळा फरक तोच आहे. जोक तोच, वायडी तीच. पण दुसऱ्याचं दुखणं उपसलं की ती खेचाखेची होते, आणि स्वतःचं उपसलं की बाकीच्या जवळ सरकतात. आपण खेचाखेचीलाच दोस्ती समजून बसलोय.

काही जणी म्हणतील, हे रडगाणं आहे. असेलही. रोज ब्रेकअपचंच दळण दळलं तर कंटाळा येणारच. आणि पत्ता टाकून कोणाचं दुखणं बरं होत नाही, हेही मान्य. डबा बंद केल्यावर कोणीतरी शेजारी बसावं लागतं. त्या रात्री आम्ही बसलो. दुसऱ्या दिवशी तिने घरी फोन केला. घरचे चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आईने लाडू पाठवते म्हणून सांगितलं.

पुढच्या शनिवारी कॉमन रूममध्ये खेळणार आहोत. कोरे पत्ते आहेत, पेन आपापलं आणा. रेक्टर मॅडम, तुम्हीसुद्धा या. तुमच्याही मनात काहीतरी असेलच ना?