विश्लेषण : जुना संगणक वेगवान करण्यासाठी ‘डिफ्रॅग’ आजही गरजेचे आहे का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ थांबवले. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे अनेक संगणक मात्र घरांत, दुकानांत अजूनही वापरात आहेत. ते मंदावले की ‘डिस्क डिफ्रॅग करा’ हा जुना सल्ला हमखास मिळतो. पण तो प्रत्येक डिस्कला लागू पडत नाही.

डिफ्रॅगमेंटेशन म्हणजे काय?

संगणक फाइल छोट्या खणांत साठवतो. जुन्या फाइल पुसल्या की मधले खण रिकामे होतात आणि नवी मोठी फाइल या विखुरलेल्या जागांत तुकड्यांनी बसते. हार्ड डिस्कमध्ये हे तुकडे वाचण्यासाठी तबकडी फिरावी लागते, वाचणारे टोक सरकावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. तुकडे हजारोंनी असतील तर विलंब जाणवतो. हे तुकडे सलग मांडणे म्हणजे डिफ्रॅगमेंटेशन.

कोणत्या फाइल प्रणालीला किती गरज?

डॉसच्या काळातील ‘फॅट’ प्रणालीत तुकडे लवकर होत. म्हणूनच १९९३च्या एमएस-डॉस ६ मध्ये ‘डिफ्रॅग’ ही आज्ञा आली. विंडोजच्या ‘एनटीएफएस’मध्येही तुकडे होतात, पण विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरावीक वेळी आपोआप होते. लिनक्समधील ‘ईएक्सटी४’ फाइल लिहिणे थोडे लांबवते आणि आकाराचा अंदाज आल्यावर सलग जागा देते. त्यामुळे तिथे डिफ्रॅगची वेळ क्वचितच येते. डिस्क काठोकाठ भरली तरच अडचण वाढते. ‘बीटीआरएफएस’ बदललेला मजकूर नव्या जागी लिहिते. सतत बदलणाऱ्या मोठ्या फाइलचे त्यात तुकडे होतात. मात्र स्नॅपशॉट ठेवलेले असताना डिफ्रॅग केल्यास एकाच मजकुराच्या दोन प्रती होऊन जागा उलट जास्त लागू शकते.

एसएसडीचे काय?

एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे तुकडे सलग मांडून वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. शिवाय तिच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते; वारंवार डिफ्रॅग म्हणजे विनाकारण झीज. तिला हवी असते ती ‘ट्रिम’ आज्ञा, म्हणजे कोणते खण आता रिकामे आहेत याची सूचना. विंडोज ती आपोआप देते. मोबाइलमध्येही फ्लॅश साठवणूकच असते. त्यामुळे ‘फोन डिफ्रॅग’ करून वेग वाढवण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपपासून दूर राहिलेले बरे.

वापरकर्त्याने काय करावे?

विंडोजच्या शोधपट्टीत ‘डिफ्रॅग’ लिहून ते साधन उघडावे. ‘मीडिया टाइप’ या रकान्यात आपली डिस्क कोणती, हे दिसते. एसएसडी असेल तर वेगळे डिफ्रॅग साधन विकत घेऊ नये. हार्ड डिस्क असेल तर आपोआप होणारे डिफ्रॅग सुरू आहे ना, एवढे पाहावे आणि साधारण १५ टक्के जागा मोकळी ठेवावी. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा फाइल उघडत नसतील, तर आधी बॅकअप घ्यावा. खराब होत चाललेल्या डिस्कवर डिफ्रॅगचा ताण घातक ठरू शकतो. चुकून पुसलेली फाइल परत मिळवायची असेल, तरीही डिफ्रॅग टाळावे. कारण रिकामी समजली गेलेली तीच जागा नव्या मजकुराने भरते आणि फाइल कायमची जाते.