फलाटावर जबाबदार कोण?

लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळालगतच्या खांबाआडून काठीचा फटका बसतो. मोबाइल खाली पडतो, तो उचलून चोर शेजारच्या वस्तीत पसार होतो. या ‘फटका गँग’मुळे तोल जाऊन पडलेल्या प्रवाशांनी हातपाय गमावले आहेत, काही जिवालाही मुकले आहेत. जो बचावतो तो पुढच्या स्थानकात दिसेल त्या वर्दीकडे धाव घेतो. ती बहुधा केंद्राच्या रेल्वे सुरक्षा दलाची निघते. चोरीचा गुन्हा मात्र नोंदवायचा राज्याच्या लोहमार्ग पोलिसांनी. स्थानकातले कॅमेरे रेल्वेचे, तपास लोहमार्ग पोलिसांचा आणि चोर दडला ती वस्ती शहर पोलिसांच्या हद्दीतली. हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात तक्रार देण्याची सोय १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. पण त्यासाठी बहुधा ठाणे गाठावे लागते, आणि कामावर निघालेला माणूस खाडा नको म्हणून तो नाद सोडून देतो.

प्रश्न चोरीपुरता नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर दोन अतिरेक्यांनी ५० हून अधिक माणसे मारली. लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे लढताना हुतात्मा झाले. उद्घोषक विष्णू झेंडे जागा न सोडता प्रवाशांना बाहेरची वाट सांगत राहिले. हिंमत कमी पडली नाही, हत्यारे आणि तयारी कमी पडली. त्यानंतर स्थानकांच्या दारात धातुशोधक कमानी आल्या. त्या दिवसभर वाजतात. वाजली म्हणून कोणाला थांबवलेले क्वचितच दिसते.

याउलट डिसेंबर १९९९ च्या विमान अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. जाब कोणाला विचारायचा, हे तिथे स्पष्ट झाले. रेल्वे स्थानकाचा विमानतळ करता येणार नाही, करूही नये. उपनगरी रेल्वेच्या लाखो प्रवाशांची रोज झडती घ्यायची म्हटले तर शहर ठप्प होईल. इथे गर्दीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी माणसे हवीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण चेंगरून गेले, तिथे ना बॉम्ब होता ना बंदूक. पावसामुळे लोक जिन्यावर खोळंबले, मागून गाड्यांतली गर्दी येत राहिली आणि ती वेळेत थोपवली गेली नाही. गर्दी थोपवणे हेही सुरक्षेचेच काम आहे, हे आपल्याकडे अजून कोणी मनावर घेतलेले नाही.

लोहमार्ग पोलिसांचा निम्मा खर्च रेल्वेच उचलते. मग मोठ्या स्थानकांत रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस या दोन्ही दलांचा एकच नियंत्रण कक्ष आणि गर्दीच्या वेळी दोघांना हुकूम देऊ शकेल असा एकच अधिकारी का असू नये? त्याचे नाव आणि फोन क्रमांक फलाटावर लावा. तक्रार फलाटावरच लिहून घ्या. हद्दीचा घोळ दलांनी आपसांत निस्तरावा. रेल्वे मंत्रालय आणि राज्याच्या गृहखात्याने एकत्र बसून हा निर्णय घ्यावा आणि दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण इथून त्याची सुरुवात करावी.