चमक म्हणजे वजाबाकी!

रील तुम्हीही बघितलंच असेल. धुळीने माखलेली, जाळंजाळं झालेली काळी गाडी. एक दादा हातात मशीन घेऊन येतो, बॉनेटवर अर्ध्या भागात चिकटपट्टी लावतो, मागे बीट वाजतो आणि तीस सेकंदांत पट्टीच्या एका बाजूला आरसा तयार! दुसऱ्या बाजूला तीच जुनी मळकट गाडी. आपण ते रील सेव्ह करतो, मित्राला पाठवतो आणि म्हणतो, ‘भावा, हे तर घरी पण होईल की!’

मीही हेच म्हटलं होतं. तेव्हा मी सेकंड इयरला होतो. दसरा चार दिवसांवर आला होता. बाबांची गडद निळी हॅचबॅक तेव्हा बारा वर्षांची होती. उन्हात उभी केली की तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसायच्या. म्हटलं, यंदा पूजेला गाडी अशी चमकवायची की बाबा बघतच राहतील. पॉलिशिंग मशीन विकत घ्यायला पैसे नव्हते. मित्राच्या काकांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथून ग्राइंडर आणला. त्याला बसणारं स्पंजचं पॅड ऑनलाइन मागवलं. कंपाऊंडची डबी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालो.

बॉनेटच्या मधल्या भागात जमतंय असं वाटलं. मग मी कडेला आलो. आठ-दहा सेकंद झाले असतील. पांढऱ्या पॅडवर निळा रंग दिसला. मशीन उचललं, तर बॉनेटच्या कडेवर रुपयाच्या नाण्याएवढा करडा डाग! कपड्याने पुसला, गेला नाही. जाणार कसा? तो डाग वरून पडलेला नव्हताच. तिथला रंगच मी उडवला होता.

दसऱ्याला बाबांनी गाडीची पूजा केली. मला ते काहीच बोलले नाहीत. फक्त झेंडूची माळ जरा बाजूला सरकवून त्या डागावर येईल अशी घातली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

पॉलिशने काही ‘चढत’ नाही

माझी चूक फक्त ग्राइंडर वापरण्याची नव्हती. माझ्या डोक्यातलं गणितच उलटं होतं. मला वाटायचं, बुटाला जसं पॉलिश लावतो तसं गाडीलाही काहीतरी लावायचं आणि ते चमकतं. प्रत्यक्षात गाडीचं मशीन पॉलिश ही बेरीज नाही, वजाबाकी आहे.

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. सगळ्यात खाली गंजापासून वाचवणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे असाइनमेंटसाठी वापरता तो झेरॉक्सचा एक कागद चिमटीत धरा. गाडीचा सगळा रंग जेमतेम तेवढा जाड! त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुतेक वेळा त्याहून जाड असतो.

उन्हात दिसणाऱ्या त्या गोल रेषा म्हणजे याच क्लिअर कोटवरचे बारीक ओरखडे. कंपाऊंडमध्ये घासणारे बारीक कण असतात. मशीन ते कण फिरवतं आणि ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळाच्या पातळीपर्यंत झिजवून सपाट करतं. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि आपण म्हणतो, वा, काय चमक आहे! पण ती चमक क्लिअर कोट खर्च करून आलेली असते. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, कडक पॅड आणि जाड कंपाऊंडने बरेच जास्त. आणि गेलेला थर परत येत नाही. ऊन झेलायचं काम याच थराचं असतं. तो फार पातळ झाला की काही वर्षांत टपावर, बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. अशा गाड्या तुम्ही रस्त्यावर रोज बघता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की मशीन हातात घेण्याआधी ‘किती चमकेल?’ हा प्रश्न विचारूच नका. ‘किती उरेल?’ हे विचारा.

दर सर्व्हिसिंगला रबिंग? नको!

हे फक्त घरी उद्योग करणाऱ्यांसाठी नाही. गाडी सर्व्हिसिंगला टाकली की बिलात ‘रबिंग-पॉलिश’ अशी एक ओळ हळूच येते. बाबा विचारतात, ‘करू का रे?’ आणि आपण म्हणतो, ‘करा की, चमकेल.’ वर्षातून दोनदा रबिंग करून घेणं म्हणजे एफडी मोडून पार्टी करण्यासारखं आहे. मजा येते, पण किती दिवस? गाडीला दोन-तीन वर्षांत एकदा हलकं पॉलिश पुरतं. मधल्या काळात धुणं आणि वॅक्स. वॅक्स मात्र खरोखरच ‘लावायची’ गोष्ट आहे. ते घासत नाही, वर थर देतं.

आणि हे ओरखडे येतात कुठून? आपल्या रोजच्या फडक्यातून. सोसायटीत सकाळी एकाच फडक्याने पंधरा गाड्या पुसल्या जातात, त्यातही बऱ्याच कोरड्याच. त्या फडक्यातली धूळ म्हणजे फुकटचा सॅंडपेपर! पुसणाऱ्या दादांचा दोष नाही, त्यांना पंधरा गाड्यांना पुरेल एवढं पाणी कोण देतं? आपण दोन स्वच्छ मायक्रोफायबर कपडे विकत घेऊन त्यांच्या हातात दिले, तरी पॉलिशची निम्मी गरज संपेल.

मग मशीन वापरायचंच नाही?

वापरा की! मी मशीनच्या विरोधात अजिबात नाही. नीट वापरलं तर हाताने तासन्‌तास रगडण्यापेक्षा मशीन जास्त एकसारखं काम करतं. फक्त कोणतं मशीन, हे कळायला हवं.

ग्राइंडर हे पॉलिशिंग मशीन नाही. चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो. फिजिक्सवाल्यांनो, हिशेब करा, कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. तो लोखंड कापायला बनवलाय. रंगाचं तो काय ठेवणार? त्यातून स्पंजचं पॅड एवढ्या वेगासाठी बनवलेलं नसतं, ते फाटून उडू शकतं. खरं रोटरी पॉलिशर साधारण ६०० ते ३००० फेऱ्यांत चालतं आणि त्याचा वेग कमी-जास्त करता येतो. पण तेही एकाच जागी गोल फिरतं, त्यामुळे उष्णता पटकन साठते. रोटरी हे अनुभवी हाताचं मशीन आहे.

शिकणाऱ्यासाठी ड्युअल ॲक्शन, म्हणजेच डीए पॉलिशर. यात पॅड स्वतःभोवती फिरतंच, शिवाय छोट्या कक्षेतही हलतं, पृथ्वी फिरते तसं. त्यामुळे उष्णता पसरते. नेहमीच्या डीएवर जास्त दाब दिला, तर पॅडचं फिरणं थांबतं. म्हणजे तुमचं चुकलं की मशीनच हात वर करतं. नवशिक्याला यापेक्षा चांगला गुरू कुठे मिळणार?

हात लावण्याआधी

गाडी आधी शाम्पूने नीट धुऊन वाळवा. धुळीवर पॉलिश म्हणजे स्वतःच्या हाताने ओरखडे काढणं. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, खरंच किती खराब आहे. एखाद्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तर तो पॉलिशने काढायच्या नादी लागू नका. तो फार खोल आहे, तिथपर्यंत घासत गेलात तर माझ्यासारखं होईल.

घरी विचारा, गाडीला कधी डेंटिंग-पेंटिंग झालंय का? सेकंडहँड गाडी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. पुन्हा रंगवलेल्या भागावर किती थर आहे आणि खाली किती लांबी भरली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे जाडी मोजायचं गेज असतं. तेही एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते नाही. शंका असेल तर तो भाग सोडून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दाराच्या, बॉनेटच्या कडा आणि पत्र्यावरच्या उंच धारा, इथे रंग पातळ असतो आणि मशीनचा सगळा जोर एका रेषेवर येतो. तिथे मास्किंग टेप लावा. काळे प्लॅस्टिकचे भाग, रबर, लोगो यांनाही टेप. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो उष्णता पसरवत नाही, म्हणून पटकन तापतो. तिथे वेग कमी, वेळही कमी.

सुरुवात दीड फूट बाय दीड फूट अशा एकाच चौकोनावर करा. आधी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश. त्याने काम झालं तर प्रश्नच मिटला. नाही झालं तरच एक पायरी वर. आपण नेमकं उलट करतो, पहिल्याच फटक्यात जाड कंपाऊंड! डोकेदुखीला कोणी थेट ऑपरेशन करतं का?

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरेत. पॅड आधी पत्र्यावर टेकवा, मगच मशीन सुरू करा, नाहीतर पॉलिश भिंतीवर, शेजाऱ्यांच्या गाडीवर आणि तुमच्या तोंडावर. पॅड सपाट ठेवा, तिरकं नको. मशीन सावकाश सरकवत राहा, एका जागी थांबू नका. आधी आडवं, मग उभं, असे चार-पाच हात झाले की थांबा, पुसा, टॉर्चने बघा. मधूनमधून पत्र्याला हात लावा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर थांबा. पॅड जमिनीवर पडलं तर झटकून पुन्हा लावू नका. एक खडा पुरेसा आहे.

गाडीपेक्षा तुम्ही महाग

रीलमध्ये हे कुणी दाखवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. धुतलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, जोड दिलेल्या वायरवर मशीन चालवू नका. माझी वायर तशीच होती आणि मी चपलाही काढून ठेवल्या होत्या. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. फरशी कोरडी करा, पायात रबरी तळव्याचे बूट घाला, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून ठेवा आणि तो पॉइंट आरसीसीबीवर आहे का, ते वॉचमन काकांना किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. वायर खांद्यावरून मागे घ्या, म्हणजे पॅडमध्ये येणार नाही. पॅड बदलताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

केस मोकळे नकोत. ओढणी, हुडीची दोरी, गळ्यातलं आयकार्ड, हातातलं कडं, अंगठी, सगळं काढून ठेवा. त्यातल्या कड्याने आणि बेल्टच्या बकलने गाडीवरही ओरखडे येतात, म्हणजे दुहेरी फायदा. डोळ्यांना गॉगल लावा, उन्हाचा फॅशनवाला नाही, वर्कशॉपमधला. उडालेले थेंब आणि वाळलेली पावडर डोळ्यात, नाकात जाते, म्हणून मास्कही. आणि हाताला मुंग्या यायला लागल्या की ब्रेक घ्या. गाडी कुठे पळून जात नाही.

शेवटी

त्या डागाचं काय झालं? पेंटरकाकांकडे गेलो. म्हटलं, ‘पॉलिश करून काही होईल का?’ ते हसले. म्हणाले, ‘पॉलिश करूनच झालंय ना हे?’ पूर्ण बॉनेट रंगवावं लागलं. माझ्या पहिल्या इंटर्नशिपचा एका महिन्याचा स्टायपेंड त्यात गेला. पैसे बाबा देत होते, मी घेतले नाहीत.

पुढच्या वर्षी मी पैसे साठवून डीए मशीन घेतलं. पण बाबांच्या गाडीवर लगेच चालवलं नाही. भंगारवाल्याकडून एक जुना दरवाजा आणला आणि त्यावर महिनाभर शिकलो. दोनदा मुद्दाम रंग जाळून बघितला, नेमकं कधी जळतो ते कळावं म्हणून. तुम्हालाही माझा हाच सल्ला आहे, पहिला प्रयोग भंगारातल्या दरवाजावर करा, बाबांच्या गाडीवर नाही. त्या गाडीचे हप्ते त्यांनी भरलेत.

आता आमच्या गाडीवर टॉर्च मारला तर चार-पाच बारीक रेषा अजूनही दिसतात. त्या मी मुद्दाम ठेवल्यात. निघाल्या असत्या, पण त्यासाठी जेवढा थर द्यावा लागला असता, तेवढा मला द्यायचा नव्हता. गेल्या दसऱ्याला बाबांनी माळ बॉनेटच्या बरोबर मधोमध घातली.