घोटावं तरी किती?

औषध जितकं घोटावं तितका त्याला गुण अधिक, हे ऐकतच आपण मोठे झालो. वैद्यबुवा खलात तासन् तास घोटत बसायचे, आणि घरी सहाणेवर बाळगुटीचे मोजून वळसे दिले जायचे. आजच्या औषधशास्त्रालाही ही गोष्ट बरीचशी मान्य आहे. त्यात एक मेख आहे, तेवढी यावेळी सांगतो.

सोपा भाग आधी. खडीसाखरेचा खडा दुधात विरघळायला वेळ लागतो, पिठीसाखर लगेच विरघळते. कारण बारीक कणांचा पुष्कळ जास्त पृष्ठभाग दुधाला लागतो. ग्रिसिओफल्विन हे नायट्यावरचं जुनं औषध पाण्यात जेमतेम विरघळतं. १९६०च्या दशकात त्याची अगदी सूक्ष्म भुकटी करून पाहिली, तर निम्म्या मात्रेतच पूर्वीइतकं औषध रक्तात पोचू लागलं.

पण घोटल्याने कण नुसते लहान होत नाहीत. स्फटिकात रेणू पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसलेले असतात. गिरणीत बराच वेळ मार बसला की पंगत मोडते आणि उरते ती नुसती गर्दी. याला अस्फटिकी रूप म्हणतात, काचेसारखं. गर्दीतून एकेकाला निसटणं सोपं, म्हणून असं औषध पाण्यात झपाट्याने आणि सुरुवातीला तरी जास्त विरघळतं. मात्र ही गर्दी स्वस्थ बसत नाही. दमट हवा किंवा थोडी ऊब मिळाली की पुन्हा पंगत मांडते, आणि कमावलेली विद्राव्यता जाते.

बरं, पंगत पहिल्यासारखीच मांडली जाईल असंही नाही. सांधेदुखीवरचं इंडोमेथॅसिन ४ अंश सेल्सिअसला दळलं तर अस्फटिकी होतं. तेच ३० अंशाला दळलं तर निराळ्याच रचनेचे स्फटिक मिळतात! १९८०च्या दशकात जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं. क्लोरॅम्फेनिकॉल पाल्मिटेटचं उदाहरण तर काळजी वाटावी असं आहे. मूळ औषध कडूजहर, म्हणून मुलांसाठी त्याचं हे बेचव रूप काढलं. त्याच्या ‘बी’ रचनेचं औषध अंगी लागतं, ‘ए’ रचनेचं फारसं लागत नाही. आणि दळता दळता ‘बी’चं ‘ए’ होऊ शकतं. औषध तेच, वजन तेच, बाटलीवरचं नावही तेच, पण विषमज्वराने फणफणलेल्या पोराचा ताप काही उतरायचा नाही. म्हणूनच औषधसंहितांनी ‘ए’ रूपावर मर्यादा घातली.

घरच्या खलबत्त्यात दोन मिनिटं कुटल्याने एवढा उत्पात सहसा होत नाही, हेही खरं. तिथला धोका वेगळा. इकडे राहायला आलेल्या आईवडिलांना गोळी गिळवत नाही, म्हणून आपण ती कुटून मधातून देतो. गोळीच्या नावापुढे ‘ईआर’, ‘एसआर’ किंवा ‘एक्सएल’ अशी अक्षरं असतील, तर ती दिवसभर सावकाश औषध सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. काही गोळ्यांवर पोटातल्या आम्लापासून बचावासाठी आवरण असतं, त्याही कुटू नयेत. आणि आठवड्याभराच्या पुड्या आधीच बांधून ठेवणं तर नकोच नको.

त्याच औषधाचं पातळ रूप बऱ्याचदा मिळतं. कोपऱ्यावरच्या फार्मसिस्टला विचारा. त्याची काही वेगळी फी पडत नाही.