हाताशी आलेला मुलगा

जत तालुक्यातील शेतकरी कुटुंबांत ‘उन्हाळ्याची सुट्टी’ आणि ‘उन्हाळी कामे’ हे शब्द एकाच काळाविषयी वापरले जात असले, तरी पहिला शाळेचा आहे आणि दुसरा घराचा. मिसरूड फुटू लागलेल्या, म्हणजे साधारण आठवी ते दहावीतल्या मुलाच्या वाट्याला या दोहोंपैकी कोणता शब्द किती येतो, यावरून त्या घराची स्थिती जेवढी कळते तेवढी सातबाऱ्यावरूनही कळत नाही. अशा मुलास ‘हाताशी आलेला’ म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर काम सोपवून दुसरीकडे वळता येते असा.

पर्जन्यछायेतील या तालुक्यात जे ऊन पिकाच्या मुळावर येते, तेच वाळवणाचे भांडवल ठरते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढतात. तो आधणात शिजू लागला की इतका घट्ट होतो की ढवळणाऱ्याचे खांदे भरून येतात, आणि गरम असतानाच सोऱ्यातून दाबून घ्यावा लागत असल्याने तेथे विश्रांतीची सोय नसते. कालपर्यंत वाटीभर चिकासाठी चुलीपाशी घुटमळणारा मुलगा यंदा सोऱ्या दाबायला बसतो. त्याची बढती झाल्याचे घोषित कोणी करत नाही, फक्त चिकाची वाटी धाकट्या भावंडाकडे जाते.

द्राक्षबागा असलेल्या घरांत हे वाळवण व्यापाराच्या पातळीवर पोचते. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ यांच्या द्रावणात बुडवून, हवेशीर शेडमधील जाळ्यांवर पसरून साधारण दोन आठवडे सुकवली असता सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. आणि हा हंगाम एप्रिलमध्ये, म्हणजे सकाळच्या शाळेच्या दिवसांत, आटोपत येत असल्याने दुपारी आभाळ भरून आले की वळिवाच्या भीतीने ताडपत्र्या सोडायला धावणारा पहिला माणूस बहुधा हा मुलगाच असतो. बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या बिनधोक कामात मदत करण्याची मुभा ठेवली, तर चौदा ते अठरा या ‘किशोरवयीन’ गटास धोकादायक कामे वर्ज्य केली. ताडपत्री सोडणे निराळे आणि बेदाण्याला गंधकाची धुरी देणे निराळे, हा भेद मात्र कायद्यापेक्षा घरच्या मोठ्यांनाच रोज करावा लागतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत उन्हाळ्याचा अर्थ आणखी वेगळा आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीच्या सुमारास बाहेर पडलेला ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, गावी परततो. त्यामुळे शाळेसाठी आजीजवळ राहिलेल्या मुलाची उंची वडिलांना एकदम वाढलेली दिसते, आणि सहा महिन्यांत शिकवायचे राहून गेलेले सारे पावसापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत उरकावे लागते.

त्यांपैकी पोहणे हा विषय अलीकडे अवघड झाला आहे. विहिरीत कमरेला दोर किंवा पाठीला वाळलेला भोपळा बांधून मुलाला ढकलून देण्याची पद्धत धसमुसळी खरी, परंतु तिथे पायऱ्या होत्या, निदान कपारीला हात घालता येत होता. विहिरी आटल्या आणि शेततळी आली. त्यांच्या उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा ‘कागद’ ओला झाला की एवढा निसरडा होतो की चांगला पोहणाराही काठापर्यंत येऊन वर चढू शकत नाही. म्हणून जाणता बाप आधी काठावर खुंट रोवून त्याला गाठी मारलेला दोर बांधतो, त्याचे दुसरे टोक पाण्यात सोडतो, आणि हात मारायला शिकवण्याआधी मुलाला त्या दोराच्या गाठी धरून ओल्या कागदावरून चारचारदा वर यायला लावतो.