गुडघा वयाने झिजतो की कामाने?

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत मांडी घालून बसता न येणाऱ्या बायका किती आहेत, ते मोजून पाहा. पाय लांब करून भिंतीला टेकलेल्या कित्येक जणी जेमतेम पंचेचाळिशीच्या असतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वय झालं, ताई." घरचेही तेच म्हणतात आणि दवाखान्यातही बरेचदा तेच ऐकावं लागतं. मला हे उत्तर मान्य नाही.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. दक्षिणेकडच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू भागातून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. बाई वाकून ऊस गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. गावात राहिलेली बाई दिवसभर उकिडवी बसून खुरपते, कांदा लावते, काटते. घरी आल्यावर पाणी, चूल, भांडी, धुणं आहेच, तेही खाली बसूनच. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, झिजतात ते तिचे गुडघे.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. उकिडवं बसताना आणि ओझं घेऊन चढताना त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. वय, वजन, पाळी जाणं यांचा झिजेशी संबंध आहेच, पण वर्षानुवर्षं अशी कामं करणाऱ्यांत झीज जास्त आढळते, हेही वैद्यकशास्त्र मानतं. गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून केलेल्या कामामुळे होणारी झीज जर्मनीने २००९ साली व्यावसायिक आजारांच्या यादीत घातली. ब्रिटनने त्याच वर्षी कोळसा खाणकामगारांसाठी ती मान्य केली. खाणीतल्या पुरुषाचा गुडघा कामाने झिजतो आणि फडातल्या बाईचा मात्र वयाने, हा कुठला न्याय?

अर्थात प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे झीज नव्हे. पाय मुरगळून लगेच सूज आली, पाऊल टेकवेना किंवा गुडघा मध्येच अडकू लागला, तर आतले अस्थिबंध किंवा गादी फाटलेली असू शकते; तपासणी करून घ्यावी. गुडघा लाल, गरम झाला आणि तापही आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. बोटांचे सांधेही सुजत असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात.

झिजेवरचा पहिला उपचार बिनखर्चाचा आहे. ओट्यावर बसून एकेक पाय सरळ करायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, हळू खाली आणायचा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. वजन जास्त असेल तर ते कमी करणं, शेक, मलम आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी, हे त्याच्या जोडीला. दुकानातून आणून रोज खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या जठर आणि मूत्रपिंड बिघडवतात. नाव नसलेल्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. आठवडाभर बरं वाटतं, पुढे हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करून घेण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. झिजलेल्या गुडघ्यावरची ही शस्त्रक्रिया नुसता छेद देऊन केलेल्या लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त गुण देत नाही, असं २००२ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. सांधा बदलणं हा शेवटचा उपाय. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने २०१७ साली मर्यादा घातली, म्हणून बिलात त्याची किंमत वेगळी लिहून मागा.

"खाली बसू नका, विश्रांती घ्या" हा सल्ला मात्र फडातल्या बाईला कसा पाळता येणार? तिथे खाडा पडला की पैसे कापले जातात. तेव्हा औषधाबरोबर कामही बदलायला हवं. स्वयंपाकाला उंच ओटा, खुरपणीला उभ्याने चालणारं हातकोळपं, मोळीचं वजन ठरलेलं, पाण्याच्या हंड्याला घरातल्या पुरुषाचाही हात. ग्रामीण रुग्णालयात व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हवी आणि आशाताईंना तेच शिक्षण हवं. हे अशक्य नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला प्रकल्प सुरू केला. तिथे फारशा न शिकलेल्या बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या, बाळंतपणं सांभाळू लागल्या. पाय सरळ करायचा व्यायाम त्याहून अवघड नाही.

सुरुवात आपणच करू. गटाच्या वहीत प्रत्येकीचं वय, काम, कामाची वर्षं आणि गुडघ्याचं दुखणं लिहून ठेवा. ग्रामसभेत आणि कारखान्याच्या दारात मागणी घेऊन जाताना ती वही सोबत असू द्या.